भिंतीचा रंग आणि घरातला उजेड



वसंतातील व्याख्यानमालेत राज्यक्रांत्यांवर, संतांवर, अर्थकारणावर बोलण्याचा प्रघात आहे. त्या मानाने आजचा माझा विषय फारच घरगुती वाटेल. घराच्या आतील भिंतीला कोणता रंग द्यावा, एवढाच तो प्रश्न आहे. परंतु इतिहास केवळ दरबारात घडत नाही, तो माजघरातही घडतो. आणि माजघराच्या इतिहासाची साधने दुसरीकडे फारशी मिळत नसल्यामुळे ती भिंतींवरच शोधावी लागतात.

हा विषय मला सुचला तो एका भांडणावरून. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने नगरच्या सावेडी भागात नवे घर घेतले. घरातील नातीने आपल्या हौसेने बैठकीच्या खोलीची एक भिंत अगदी गडद वांगी रंगाने रंगवून घेतली. रंग इतका गडद की संध्याकाळी तो काळाच भासावा, आणि सकाळचे ऊन पडले म्हणजे आतून जांभळी झाक उजळावी. मला तो आवडला. पण घरातील आजी काही त्या खोलीत बसेनात. नात म्हणाली, "आजी, तुझं ते आवडतं लुगडं याच रंगाचं आहे की!" त्यावर आजी म्हणाल्या, "लुगडं अंगावर असतं बाळ, त्याच्यात राहायचं नसतं. काळ्या भिंतींतून बाहेर पडायला माझा अर्धा जन्म गेला. तू पुन्हा तिथंच नेऊन बसवतेस होय?"

दोघींचेही म्हणणे मला खरे वाटले, आणि म्हणूनच त्यामागचा इतिहास पाहावा असे ठरवले.

प्रथम शब्दांकडे पाहू. या रंगाला मराठीत नावांची वाण नाही. वांगी, जांभळा, कोनफळी, अंजिरी अशी एकाहून एक नेमकी नावे आपल्याकडे आहेत, आणि ती सारी शेतातून, परसातून आणि रानातून उचललेली आहेत. परंतु ही नावे कोठे वापरली जातात ते पाहा. लुगड्याला, खणाला, पागोट्याला. भिंतीचा रंग सांगताना आपले वडीलधारे चुना, पांढरी माती, गेरू, फार तर नीळ टाकलेला चुना, एवढेच शब्द वापरीत. म्हणजे हा रंग आपल्या समाजाला चांगला परिचयाचा होता, आवडताही होता. पण तो अंगावर होता, भिंतीवर नव्हता. असे का झाले?

याचे पहिले कारण आपल्या घराच्या बांधणीत आहे. नगर जिल्ह्याच्या पठारी भागात जुन्या काळी सर्वसामान्य घर म्हणजे धाब्याचे घर. जाड मातीच्या किंवा दगडमातीच्या भिंती, वर लाकडे व काटक्या पसरून त्यांवर मातीचा जाड थर. पाऊस बेताचा, ऊन कडक आणि चोराचिलटांची भीती. त्यामुळे भिंतीला खिडक्या ठेवण्याची पद्धत जवळजवळ नव्हती. धूर जावा आणि उजेड यावा म्हणून धाब्याला एक भोक ठेवीत. त्याला साणे म्हणत. दुपारी त्या साण्यातून उन्हाचा एक खांब सारवलेल्या जमिनीवर उभा राही, आणि घरातील बाई धान्य निवडायला त्या खांबापाशी सरके.

मोठ्यांचे वाडे याहून निराळे, पण उजेडाच्या बाबतीत फारसे सुखी नव्हते. पारनेर तालुक्यातील पळशी येथे होळकरांचे दिवाण पळशीकर यांचा वाडा आहे. तेथील लाकडावरील कोरीव काम पाहून माणूस थक्क होतो. परंतु वाडा या प्रकाराची मूळ कल्पनाच अशी की बाहेरच्या जगाकडे आंधळी भिंत करावयाची आणि आतल्या चौकाकडे तोंड उघडावयाचे. चौकाभोवतीच्या सोप्यावर उजेड भरपूर. तेथे पुरुषांची बैठक. त्यामागे माजघर, आणि माजघराच्या पोटात कोठीची किंवा बाळंतिणीची खोली. उजेड पायरीपायरीने कमी होत जाई आणि जेथे तो संपे तेथे घरातील बायकांचे आयुष्य चाले. दिवळीत पणती किंवा चिमणी, आणि त्या दिवळीवर काजळीचा लांबट काळा डाग. बहुतेक जुन्या माजघरांचे चित्र असे होते.

अशा खोलीत पांढऱ्या भिंतीचे मोल किती, ते थोड्या हिशेबाने कळेल. चांगल्या ताज्या चुन्याची भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा ऐंशीच्या आसपास भाग परत टाकते. गडद वांगी रंगाची भिंत शेकडा पाचाच्या आसपासच परत टाकते. आता भिंती, छत, जमीन सारे एकाच रंगाचे आहे असे क्षणभर धरून चला. पणतीचा उजेड 100 मानला, तर पांढऱ्या खोलीत तो भिंतीवरून 80 होऊन परततो, समोरच्या भिंतीवरून 64 होऊन, मग 51 होऊन, आणि अशी सारी बेरीज केली तर ती 500 पर्यंत जाते. गडद खोलीत हीच बेरीज 105 वर थांबते. म्हणजे तेवढ्याच तेलात पांढरी खोली सुमारे पाचपट उजळते. प्रत्यक्षात जमीन शेणाने सारवलेली आणि छत धुराने काळवंडलेले असल्यामुळे फायदा याहून कमी होई हे खरे. पण ज्या घरात तेल मोजून वापरावे लागे, तेथे चुना हा एक दुसरा दिवाच होता, असे म्हणावयास हरकत नाही.

हा दिवा फुकट मात्र मिळत नसे. चूल त्याच घरात, तिचा धूर त्याच भिंतींवर. वर्षभरात स्वयंपाकघर काळे होई आणि दसरादिवाळीच्या आधी ते पुन्हा पोतारावे लागे. खेड्यात पांढऱ्या मातीचा, गावात चुन्याचा हात. हे काम बहुतांशी बायकांचे. काळ्याचे पांढरे करण्याचा हा वार्षिक लढा पिढ्यान् पिढ्या चालला आणि त्याची नोंद कोणत्याही बखरीत नाही.

दुसरे कारण रसायनाचे आहे. समजा एखाद्या हौशी सरदाराने ठरवले असते की माझ्या दिवाणखान्याची भिंत जांभळी हवी, तर ती त्याला सहजासहजी मिळाली नसती. आपण जांभळे खाल्ली आणि सदऱ्यावर डाग पडला, तर साबण लावताच तो निळसर होतो, हा अनुभव पुष्कळांचा असेल. फळांतील जांभळा रंग आंबट पदार्थात तांबूस आणि क्षारात निळा, हिरवा होत जातो, शेवटी मळकट होऊन नाहीसा होतो. चुना तर क्षारांतला मोठा तिखट क्षार. त्यात जांभळाचा रस कसा टिकणार?

करडईची गोष्ट तशीच. करडई हे आपल्या जिल्ह्याचे जुने पीक. तिच्या पाकळ्यांपासून कुसुंबी रंग करीत. रंगारी त्या पाकळ्यांतील पिवळा अंश पाण्याने धुऊन टाकी, मग खाराच्या पाण्यात तांबडा अंश उतरवी आणि लिंबासारखी आंबट वस्तू घालून तो कापडावर बसवी. जो रंग खाराने सुटतो तो चुन्याच्या भिंतीवर बसणे अशक्य, हे उघड आहे. निळीवर कुसुंबा चढवून कापडावर सुंदर जांभळा मिळे. भिंतीवर मात्र त्या युक्तीचा उपयोग नव्हता.

चुन्याशी ज्याचे जमते असा एक जुना आणि स्वस्त रंग म्हणजे लोखंडाचा. गेरू हा लोखंडाचाच गंज. आपल्या घाटांत रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो, तेथे काळ्या खडकांच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. त्याची तांबडाई लोखंडाची. या लोखंडी मातीचे एक वैशिष्ट्य आहे. तिचे कण अगदी बारीक असले म्हणजे रंग तांबडा दिसतो. कण जाड झाले, किंवा माती फार तापवली, की तोच रंग जांभळ्याकडे झुकतो. हिराकस खूप भाजूनही असाच जांभळट तपकिरी रंग करीत. बाजारात हिरमजी या नावाने जी तांबडी माती मिळे तिचे नाव इराणच्या आखातातील हुर्मुझ बेटावरून आले. ते बेट तांबड्या मातीसाठी आजही प्रसिद्ध आहे. ही माती जवसाच्या तेलात खलून थोडी काजळी मिसळली, तर वांग्याच्या सालीच्या जवळ जाणारा गडद रंग तयार होतो. भिंतीवर नव्हे, पण दारांवर, चौकटींवर आणि खांबांवर अशा तांबूस काळ्या छटा शोभत.

म्हणजे जुन्या घरात हा रंग नव्हता असे नाही. तो होता, पण आपल्या जागी होता. शिसवी लाकूड पाहा. काळ्या शिसवाचा गाभा मुळातच जांभळट तपकिरी असतो आणि तेलपाण्याने, हातांच्या स्पर्शाने तो अधिक गडद होतो. पांढऱ्या भिंतीपुढे शिसवी झोपाळा, शिसवी पेटी, देवघराची चौकट. आणि या सर्वांमधून वावरणारी वांगी लुगडे नेसलेली बाई.

या लुगड्याचा नगराशी जवळचा संबंध आहे. 1884 साली मुंबई सरकारने प्रसिद्ध केलेल्या जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये लुगडी विणण्याच्या धंद्याची विस्तृत माहिती आहे, आणि निळीचे काम करणाऱ्या निराळी समाजाचीही नोंद आहे. सूत प्रथम निळीच्या पिंपात बुडवावयाचे आणि मग त्यावर तांबडा चढवावयाचा, ही वांगी रंगाची एक वाट. दुसरी वाट आलाच्या मुळीची. तुरटीबरोबर आल तांबडी उतरते. तीच हिराकशीबरोबर जांभळट काळी होते. येथेही पुन्हा लोखंडच! भिंतीच्या मातीत, दाराच्या तेलरंगात आणि लुगड्याच्या सुतात एकाच धातूने हा रंग आणला, याचे मला मोठे कौतुक वाटते.

येथे कोणी विचारील, की नगर ही तर निजामशाहीची राजधानी. 1490 साली मलिक अहमदाने येथे आपले राज्य उभे केले. राजांच्या महालांत तरी गडद भिंती नव्हत्या काय? फराहबागेचा महाल 1583 साली पुरा झाला. पहिली इमारत राजाला पसंत पडली नाही म्हणून ती पाडून नवी उभारली, असे सांगतात. तेव्हा आवडीनिवडीचे भांडण नगरात नवे नाही. त्या महालातील मधले उंच दालन, त्यावरील घुमट, कमानी आणि कोनाडे आज भग्नावस्थेत आहेत. पण जो गिलावा उरला आहे तो चुन्याचा आणि त्यातील नक्षीही चुन्याची. हुसेन निजामशहाच्या स्तुतीपर रचलेले 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तालिकोटच्या 1565 च्या लढाईनंतर लवकरच ते तयार झाले, आणि दखनी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. ज्या दरबाराने असे चित्रकार पदरी बाळगले तो रंगाला पारखा नव्हता. परंतु दरबारातही रंगाचा खरा थाट बिछायती, पडदे, तंबू आणि पोशाख यांत असे. कापडाचा रंग ऋतूप्रमाणे, सणाप्रमाणे बदलता येतो; कंटाळा आला तर घडी घालून ठेवता येतो. भिंतीची घडी घालता येत नाही.

मग गडद भिंतीची हौस कोणाला होती? त्यासाठी थोडे दूर, इटलीत जाऊ. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात 2024 साली एक मोठे भोजनगृह उजेडात आले. त्याच्या भिंती काळ्या आहेत आणि त्यांवर पुराणकथांची चित्रे आहेत. तेथील संशोधकांचे म्हणणे असे, की रात्रीच्या मेजवान्यांत दिव्यांची काजळी भिंतीवर दिसू नये म्हणून पार्श्वभूमी काळी ठेवली असावी. हा युक्तिवाद मोठा बोलका आहे. काजळी दोन्हीकडे होती. तेथील धनिकाने ती लपवण्यासाठी भिंत काळी केली. आपल्या घरातील बाईने ती घालवण्यासाठी भिंत पांढरी केली. धनिकाला त्या खोलीत केवळ भोजन करावयाचे होते आणि दिवे लावणारे दास त्याच्यापाशी होते. आपल्या बाईला मात्र त्याच खोलीत सुईत दोरा ओवावयाचा होता.

आता गेल्या सव्वाशे वर्षांत हे सारे कसे पालटले ते पाहू. 1897 साली मुंबईपुण्यात प्लेगने थैमान घातले. घरे धुवून काढणे, कौले काढून ऊन आत सोडणे, भिंतींना सक्तीने चुना देणे असे उपाय सरकारने केले. ते ज्या दांडगाईने अमलात आले त्याने लोक संतापले, आणि तो संताप योग्यच होता. परंतु अंधारी, कोंदट खोली ही केवळ गैरसोय नसून आरोग्याला घातक आहे, हा विचार त्या काळापासून आपल्या मनात रुजू लागला. पुढे घर बांधताना लोक खिडक्यांचा विचार आधी करू लागले.

आपल्या जिल्ह्यात संपत्तीचा नकाशाही बदलला. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले. 1950 च्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ज्या शेतकऱ्याचे आजोबा साण्याच्या उजेडात जेवले, तो सिमेंटच्या बंगल्यात, चार खिडक्यांच्या खोलीत राहू लागला. पाठोपाठ गावोगाव वीज आली. काजळी गेली, चूल ओट्यावर चढली आणि तिचा धूर नाहीसा झाला.

त्याच सुमारास रंगही मोकळे झाले. 1856 साली लंडनमध्ये पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरील क्विनाइन कृत्रिम रीतीने बनवण्याच्या खटपटीत होता. क्विनाइन साधले नाही. डांबरापासून निघालेल्या पदार्थांतून जांभळा रंग मात्र हाती लागला. तेथून कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. 1897 पासून जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि निराळ्यांची पिंपे हळूहळू कोरडी पडली. विसाव्या शतकात तेलरंग आणि पुढे पाण्यात मिसळणारे प्लास्टिकचे रंग घरोघरी आले. त्यांतील प्लास्टिकच्या रंगांना चुन्याची फारशी भीती नाही. आज दुकानात जाऊन रंगाच्या पत्त्यावर बोट ठेवले की यंत्र तो रंग मिसळून देते. सरदाराला जे साधले नसते, ते महिन्याच्या पगारात साधते.

श्रोतेहो, आता मूळ भांडणाकडे येतो. गडद वांगी भिंत ही आपली परंपरा आहे असे नात म्हणेल तर ते खरे नाही. आपली परंपरा पांढऱ्या भिंतीपुढे वांगी वस्त्र मिरवण्याची आहे. उलट ही भिंत म्हणजे परकी नक्कल आहे असे कोणी म्हणेल, तर तेही अपुरे आहे. कारण हा रंग आपल्या मातीतला, आपल्या सुतातला आणि आपल्या शिसवातला आहे. खरा फरक देशी आणि परदेशी असा नसून उजेडाचा आहे. गडद भिंत ही उजेडाची चैन आहे. ज्याच्यापाशी चार खिडक्या आणि भिंतीवर बटण आहे, त्याने एक भिंत काळोखाला देऊन टाकली तरी त्याचे काही अडत नाही. पैसेवाल्याला उपासाची गोडी वाटावी, तसे हे आहे. त्यात पाप नाही. पण तो उपास आहे, उपासमार नव्हे, याची जाणीव असावी.

कारण उपासमारीतले लोक आजही आहेत. याच जिल्ह्यातील पाथर्डी, जामखेडकडची माणसे दर वर्षी ऊसतोडणीला जातात आणि फडाजवळच्या कोप्यांत सहा महिने काढतात. ज्या साखरेवर बंगले उभे राहिले तिची तोड करणाऱ्यांना कोणत्या रंगाची भिंत हवी, असे विचारणारा कोणी नाही. कारण त्या खोपटाला भिंतच नाही. गृहशोभेची चर्चा करताना एवढे स्मरण ठेवले, तर ती चर्चा पोकळ होणार नाही.

मी त्या घरी पुन्हा गेलो तेव्हा दोघींना इतकेच सुचवले, की भिंत आहे तशी ठेवावी, पण छत आणि उरलेल्या तीन भिंती शुभ्र असाव्यात. आणि आजींची खुर्ची खिडकीशी, त्या भिंतीकडे पाठ करून मांडावी. आजींनी थोडा विचार केला आणि नातीला म्हणाल्या, "बरं, राहू दे तुझी भिंत. पण संध्याकाळी दिवा लावायला विसरायचं नाही." नातीने दिवा लावला. पांढऱ्या छतावरून उजेड खाली उतरला, आणि आजींच्या खांद्यामागे तो रंग खरोखरच एखाद्या जुन्या लुगड्यासारखा दिसू लागला.

अंधाराचा रंग हौसेने निवडता यावा इतका उजेड आपल्या घरात आला, हा शंभर-सव्वाशे वर्षांच्या खटपटीचा परिणाम आहे. तो उजेड ज्यांनी चुन्याच्या हातांनी, बोटे सोलवटून, वर्षानुवर्षे घरात राखला, त्यांना विचारल्याशिवाय भिंत काळी करू नये, एवढेच मला सांगावयाचे होते.